लाल दोऱ्याचं बोंड

सुलभा गेल्याचा फोन प्रयोगशाळेत आला तेव्हा मी बर्फ फोडत होते. सरांनी फोन घेतला, "हो... हो..." एवढंच म्हणाले आणि रिसीव्हर जागेवर न ठेवता टेबलावरच टेकवला. मला कळलं, तरी मी बर्फ फोडतच राहिले. हातोडी खाली ठेवली तर ते खरं होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. आता काही आठवडे उलटलेत. लोक म्हणतात, हळूहळू मन शांत होतं. माझं झालेलं नाही. तिशी ओलांडली नाही तोच रक्ताचा कर्करोग होऊन माणूस महिन्याभरात संपतो, याचा मला अजून नुसता संताप येतो.

सुलभा परब विक्रोळीची. वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, संपात नोकरी गेली ती गेलीच. आणि मुलगी विद्यापीठात कापसावरच संशोधन करायला आली! झाड सेल्युलोज कसं बनवतं हे शोधणारा आमचा चार टाळक्यांचा गट होता. कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. एकेका पेशीनं साखरेचे कण एकापुढे एक जोडून काढलेला धागा. तेच पेशीबाहेर, काचेच्या नळीत आम्हाला करून बघायचं होतं. आमच्या माहितीत तरी हे कुणालाच धड जमलं नव्हतं, त्यामुळे आम्हाला जमत नाही याची लाज वाटायचं काही कारण नव्हतं. तरी वाटायचीच.

झाडं लावायला विद्यापीठात जागा मिळेना, म्हणून सुलभानं आपल्या इमारतीच्या गच्चीवर तेलाच्या रिकाम्या पिंपांत कापूस लावला. फूल उमललं की त्याच दिवशी देठाला रंगीत दोरा बांधायचा, म्हणजे पुढे बोंडाचं वय कळतं. दर आठवड्याला दोऱ्याचा रंग वेगळा. सकाळी पांढरं असलेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं, त्यामुळे उद्यावर ढकलायची सोय नाही. सख्ख्या भावाच्या लग्नादिवशी ही शालू नेसून गच्चीवर दोरे बांधत बसली होती आणि आई जिन्यातून "गो सुलभा, मुहूर्त टळतलो!" म्हणून ओरडत होती. बोंडं जेवणाच्या डब्यात बर्फ घालून ती बसनं सांताक्रूझला विद्यापीठात आणायची. डब्यातून पाणी गळायचं. कंडक्टर विचारायचा, "बाई, मासळी आहे काय?" ही म्हणायची, "कापूस आहे." मग तो आणखीच संशयानं बघायचा.

एकदा मात्र नळीत खरोखर काहीतरी तयार झालं. पांढुरका, न विरघळणारा साका. सरांनी स्वतः जाऊन पेढे आणले. एवढा शिस्तीचा माणूस, पण पडताळणी व्हायच्या आधीच पेढे वाटून मोकळा झाला. आम्ही खात होतो आणि सुलभा आतल्या अंधाऱ्या खोलीत निळा रंग घालून दिव्याखाली साका तपासत होती. बाहेर आली ती दारातच थांबली.

"सर, चमकतंय."

चमकलं म्हणजे ते सेल्युलोज नव्हे, कॅलोज. साखर तीच, फक्त सांधे वेगळे. झाडाला जखम झाली की ती बुजवायला ते घाईघाईनं कॅलोज बनवतं. पेशी फोडल्याशिवाय आम्हाला आतलं यंत्र हाती लागत नव्हतं, आणि फोडली की ती धागा काढायचं सोडून आपली जखम लिंपत बसायची. "बरोबर आहे ना यार," सुलभा म्हणाली, "मुसळानं कुटायचं आणि वर म्हणायचं, आता सूत कात!" सगळे हसले. सर तेवढे हसले नाहीत.

इस्पितळात शेवटचं भेटले तेव्हा तिच्या दंडावर सुयांचे काळेनिळे डाग होते. स्वतःबद्दल एक अक्षर बोलली नाही. "ॲडमिट व्हायच्या सकाळी लाल दोरे बांधलेत गं. या खेपेला पेशी फोडायच्या आधीच द्रावणातलं कॅल्शियम काढून टाक. जखमेची वर्दी तेच देतं. तिला फोडायचं, पण कळू द्यायचं नाही..." मग धाप लागली. "करशील ना?" मी हो म्हणाले. मला त्या क्षणी बोंडांशी काही देणंघेणं नव्हतं. मला ती हवी होती.

ती गेल्यावर ठरल्या दिवशी मी गच्चीवर गेले, लाल दोऱ्यांची बोंडं कापली, तिच्याच डब्यात बर्फ भरून आणली. तिनं सांगितलं तसंच सगळं केलं. अंधाऱ्या खोलीत दिवा लावताना मी देवाला हात जोडले. शास्त्र शिकवणारी बाई मी, पण जोडले. कॅलोज कमी होतं, हे खरं. पण सेल्युलोज? काहीच नाही. नळीत धाग्याचा मागमूस नाही. मी तिथंच जमिनीवर बसून हमसून हमसून रडले. तिचं शेवटचं मागणंसुद्धा माझ्या हातून पुरं झालं नाही.

हे सांगायला मागच्या आठवड्यात विक्रोळीला गेले. तिची आई, आमच्या काकी, गच्चीवर झाडांना पाणी घालत होत्या. पानांआड एक बोंड माझ्या नजरेतून सुटलं होतं. ते आपोआप पिकून फुटलं होतं आणि पांढराशुभ्र कापूस बाहेर आला होता. देठाला लाल दोरा तसाच.

"तिचा काम झाला काय गो?" काकींनी विचारलं.

"नाही हो काकी... नाही जमलं."

त्यांनी तो कापूस खुडला, बोटांनी एकेक सरकी काढली, आणि घरात येऊन मांडीवर वात वळायला बसल्या. "बाजारातलो कापूस कित्याक आणू? ह्यो तिचोच मा," स्वतःशीच म्हणाल्या. मग वातीला पीळ देतादेता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "झाडान तर केल्यान मा."

सुलभाच्या फोटोपुढे त्यांनी ती वात लावली. मी ज्योतीकडे बघत बसले. हो गं सुलभा, झाडानं केलं. तुझ्याच पिंपात, तुझ्याच दोऱ्याखाली, तू नसताना केलं. आम्हाला मात्र अजून येत नाही, आणि आता विचारायचं कुणाला?