माझे आफ्रिकावाले व्याही

विमानानं अमेरिकेत उतरूनही जो अमेरिकेत पोचलाच नाही, असा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे व्याही निघाले. केनियातल्या एका साखर कारखान्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. विहीणबाई वारल्यावर लेकीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, त्यांना इकडं ओहायोत डब्लिनला आणलं. मी आधीपासूनच मुलाकडं राहत होतो. मी चौथी शिकलेला, सांगलीकडचा. इंग्रजी येत नाही आणि शिकणारही नाही. पण मुलाचा बाप आहे, त्यामुळं खिडकीजवळची खुर्ची माझी. व्याह्यांनी ती कधी मागितली नाही.

केळी उघड्यावर ठेवलेली त्यांना खपत नसत. आणली की कपाटात, का तर माकडं. "अप्पा, इथं माकडं नसतात हो," सून सांगून थकली. ते म्हणायचे, "दिसली नाहीत म्हण." तिकडं एका माकडानं खिडकीतून हात घालून विहीणबाईंच्या कुकरची शिट्टी पळवली होती. ते समोरच्या झाडावर बसून शिट्टी चाटायचं, विहीणबाई खालून त्याला मराठीतून शिव्या द्यायच्या, आणि कारखान्यातली माणसं काम सोडून ऐकायला जमायची. हे सांगताना व्याह्यांना इतकं हसू फुटायचं की गोष्ट एका दमात कधी पुरी झाली नाही. मी ती तुकड्यातुकड्यानं ऐकली. मागच्या अंगणात हरीण आलं की आमचं घर फोन घेऊन धावतं. व्याही हरणाकडं बघायचेच नाहीत, हरणाच्या मागं बघायचे. "चालत आलं का पळत?" हा पहिला सवाल. नात कपाळाला हात लावायची, "आजोबा, देअर इज नो लायन!"

मुलाची गाडी सात माणसांची. केनियात म्हणे गाडी घड्याळ बघून नाही, भरली की सुटते. त्यामुळं रिकाम्या जागा घेऊन निघायची व्याह्यांना लाज वाटायची. "पाव्हणं, लोक काय म्हणतील?" एकदा पिशव्या घेऊन पायी चाललेली एक गोरी बाई दिसली. व्याह्यांनी मुलाला गाडी थांबवायला लावली, दार उघडलं आणि "कम, कम" सुरू केलं. बाई पिशव्यांसकट रस्त्यापलीकडं पळाली. मुलाला घाम फुटला. व्याही शांतपणे मला म्हणाले, "जवळच राहत असेल."

सगळ्यात अवघड त्यांची विचारपूस. तिकडची रीत अशी की आधी घरदार, पोरंबाळं, गुरं, पाऊस सगळं विचारायचं, मग कामाचं बोलायचं. दुकानात गल्ल्यावरची पोरगी सगळ्यांना म्हणते तसं त्यांनाही "हाऊ आर यू" म्हणाली. व्याही थांबले आणि खरंच सांगायला लागले. गुडघा सांगितला, झोप सांगितली, मग तिचे आईबाप विचारले. मागं रांग वाढली. मी दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखा दुधाचे डबे निरखत उभा राहिलो. पोरगी मात्र भडाभडा बोलली. तिची आजी पडून आजारी आहे, हे तिच्या मालकाला ठाऊक नसेल, पण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक झालं.

मग एक दिवस केनियातून त्यांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. कारखान्यातला फिटर, तोही आता घरीच असतो. म्हणाला, मागची खोली रिकामी आहे, या. व्याही निघायलाच बसले. सून रडकुंडीला आली. "अप्पा, सगळे पेपर्स झालेत, आता कसं कॅन्सल करू? आणि तिथं तुमचं आहे कोण?" मग ती माझ्याकडं आली. "बाबा, तुम्ही समजवा. तुमचंच ऐकतील ते."

माझं ऐकणारच, मी मुलाचा बाप. शिवाय मलाही ते जायला नको होते. मुलगा-सून दिवसभर मीटिंगमध्ये, नात शाळेत; व्याही गेले तर मी बोलणार कुणाशी? दुपारी त्यांना घेऊन तळ्याकडं फिरायला निघालो. रस्ता भर दुपारी मोकळा, दोन्हीकडं दारं बंद. बाकावर बसल्यावर दरडावूनच विचारलं, "काय ठेवलंय हो तिकडं?"

ते बदकांकडं बघत म्हणाले, "पाव्हणं, तिकडं मी घरातनं निघालो की पोचायला उशीर होतो. दहा जण थांबवतात. इथं कुठंही वेळेवर पोचतो."

एवढंच बोलले. माझ्याकडं सांगायला पुष्कळ होतं, सुनेनं घोकूनच घेतलं होतं. ते तसंच ठेवून मी उठलो.

घरी आल्यावर सुनेला म्हटलं, "तिकीट काढ त्यांचं."

"बाबा! मी तुम्हाला कशाला पाठवलं होतं?"

"त्याचंच सांगतोय. काढ."

ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच त्यांची बॅग भरायला बसली, गुडघ्याचं औषध दुप्पट घातलं.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. मागून माणसांचा कलकलाट, कुणीतरी मध्येच त्यांना हाक मारतं, मग ते मला धरायला सांगून त्याच्याशी बोलत बसतात. मी धरून बसतो. परवा म्हणाले, "या की इकडं चार महिने." मी म्हटलं, "मुलाचा बाप मुलीच्या बापाकडं राहायला येत नसतो." ते खो खो हसले आणि म्हणाले, "पाव्हणं, इथं कुणाला ठाऊक आहे तुम्ही कुणाचे बाप?"

माझा पासपोर्ट सुनेच्या कपाटात असतो. अजून मागितलेला नाही.