‘डी’वर संपणारे पाच अक्षरी शब्द

माझ्या बाबांनी स्मरणशक्तीच्या टेस्टचा अभ्यास केला होता.

आणि तो त्यांच्याकडून मी करून घेतला होता.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे कुणाजवळ बोलले नाही, आज लिहिते आहे.

आई गेल्यावर बाबा अकोल्याहून आमच्याकडे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. इथे त्यांच्याकडे काम एकच, माझ्या लेकीला, इराला, दुपारी स्कूल बसच्या स्टॉपवरून घरी आणायचं. बस यायची पावणेचारला, हे तीनलाच कानटोपी घालून दारात उभे.

मग हळूहळू गडबड सुरू झाली. एकाच माणसाला सकाळी दोनदा फोन. आंघोळ झाली की नाही, हे मलाच विचारायचे.

डॉक्टरकडे नेलं. तिने तारीख विचारली, वार विचारला. मग म्हणाली, ‘वर्ल्ड’चं स्पेलिंग उलटं सांगा.

बाबा “डी” म्हणाले आणि थांबले. बराच वेळ खिडकीकडे बघत बसले. मी मनातल्या मनात एल, आर, ओ म्हणत होते.

डॉक्टर म्हणाली, आत्ताच काही नक्की सांगत नाही, सहा महिन्यांनी परत या.

गाडीत बाबांनी विचारलं, “नापास झालो का गं?”

“नाही हो बाबा.”

“मग परत काहून बोलावलं? एटीकेटी दिसते.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, तर डायनिंग टेबलवर ग्रोसरीच्या जाहिरातीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मास्तरी अक्षरात यादी. ब्रेड, क्लाउड, फील्ड, चाइल्ड, साउंड, थर्ड, बोर्ड. खाली ‘फ्रेंड’ लिहून खोडलेलं, कारण तो सहा अक्षरी निघाला.

“हे काय आहे बाबा?”

“पाच अक्षरं, शेवटी डी. तोच शब्द पुन्हा कोण टाकतं? पण धडा तोच राहील. मी इतकी वर्षं पेपर काढले, मला नको शिकवू.”

मी हसले. आणि पोळ्या लाटता लाटता विचारायला लागले.

“क्लाउड?”

“डी, यू, ओ, एल, सी.”

रोज संध्याकाळी हेच. इरा शाळेतून नवे शब्द आणायची. एक दिवस सगळं तोंडपाठ, दोन दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बाबा चिडायचे, स्वतःवरच. एकदा मी म्हटलं, राहू द्या ना आता. तर म्हणाले, “नापास झालो तर तू मला इराला आणायला पाठवणार नाहीस.”

“असं काही नाही बाबा,” मी म्हटलं. पण तसंच होतं. घरी कोण थांबणार, हा प्रश्न मला विचारायचाच नव्हता. नवऱ्याची शिफ्ट, माझ्या ऑफिसातल्या डेडलाइन. ते पास व्हायला हवे होते, आणि त्यांच्याइतकंच ते मलाही हवं होतं.

मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर टेस्ट करते. बग दिसला की दडवायचा नाही, हे ज्युनियर पोरांना मीच बजावत असते.

सहा महिन्यांनी परत गेलो. पार्किंगमध्ये मी त्यांच्याकडून तारीख तीनदा म्हणून घेतली. आत डॉक्टरने पुन्हा ‘वर्ल्ड’च विचारला. बाबांनी धडाधड उलटा म्हणून दाखवला. डॉक्टर खूश. खूप सुधारणा आहे, आता वर्षाने या.

बाहेर आल्यावर बाबा वैतागले होते. “पेपर रिपीट केला गं तिनं! एवढा अभ्यास वाया.”

येताना इंडियन स्टोअरमधून पास झाल्याचे पेढे घेतले.

फेब्रुवारीत एक दिवस इरा शाळेतून परस्पर मैत्रिणीकडे गेली. बाबांना मी सकाळीच सांगितलं होतं. तरी ते स्टॉपवर गेले. आणि परत आलेच नाहीत. दोन गल्ल्या पलीकडे, कुणाच्या तरी गॅरेजसमोर बर्फात उभे होते. त्या घरच्या बाईने त्यांच्या खिशातल्या कागदावरचा नंबर बघून मला फोन केला.

रात्री इरा माझ्याजवळ आली.

“आजोबांना परतीचा रस्ता माहीत नाही, आई. आय ब्रिंग हिम होम. एव्हरी डे.”

“कधीपासून?”

“सिन्स स्कूल स्टार्टेड.”

म्हणजे सप्टेंबरपासून. पेढ्यांच्या आधीपासून.

“मला का नाही सांगितलंस?”

“यू वुड मेक हिम स्टॉप कमिंग.”

नऊ वर्षांची होती तेव्हा.

सकाळी डॉक्टरला फोन करून सगळं सांगितलं, यादीसकट. ती रागावली नाही. म्हणाली, औषध थोडं आधी सुरू करता आलं असतं, पण आजार थांबला नसता. तिने मला धीर दिला, पण तो काही मला पुरला नाही. ते वाया गेलेले महिने अजून टोचतात.

त्यानंतर मी एकच केलं. ऑफिसातली रोजची साडेतीनची मीटिंग सकाळी घेतली, आणि तीनपर्यंत घरी यायला लागले. मॅनेजर एका शब्दात ‘शुअर’ म्हणाला.

मग मी आणि बाबा रोज स्टॉपवर जायचो. येताना तिघं. बाबा मध्ये, एक हात माझ्या हातात, एक इराच्या. पुढे ते माझं नाव विसरले, इराचंही विसरले, तरी बस दिसली की हात वर करायचे. दीड वर्ष आम्ही असे चाललो. मग त्यांना चालणं झेपेना, आणि पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

एक मीटिंग हलवायची होती, बाबा. एवढंच होतं. ते मी पहिल्या दिवशीच करू शकले असते, पण मी तुम्हाला परीक्षेला बसवलं.

तुम्ही नापास झाला असतात तरी मी तुम्हाला स्टॉपवर नेलं असतं. हे तेव्हा सांगायला हवं होतं.

चुकलं माझं. नमस्कार करते, बाबा.