हिमालयाला जाताना काय भरावं

व्हॅन आमच्याकडे आली तेव्हा तिच्या दारावर एक पिवळं बदक होतं. आधी ती कुठल्यातरी बालवाडीच्या मुलांची ने-आण करायची. नवऱ्याने बदकावर पांढरा रंग मारला, तरी ऊन पडलं की ते खालून दिसायचंच. नव्वदीची मधली वर्षं होती. नोएडात सेक्टरमागून सेक्टर उभे राहत होते, कुणाकडे केबल येत होतं, कुणाकडे कॉम्प्युटर, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये गाडी घेतली की जिन्याजिन्यात मिठाई वाटायची पद्धत पडली होती. आम्ही पुण्याचे. आम्ही मिठाई वाटली नाही. नवऱ्याने त्याऐवजी व्हॅनची मधली सीट काढून टाकली.

तिच्या जागी एका बाजूला प्लायवूडचं बाकडं बसवलं, त्यावर फोमची गादी, खिडक्यांना माझ्या जुन्या साडीचे पडदे, टपावर कॅरिअर. परदेशात लोक अशा गाडीतच राहतात, झोपतात, स्वयंपाक करतात, हे त्याने ऑफिसातल्या एका मासिकात पाहिलं होतं. ‘दिवाळीच्या आधी कुमाऊँ,’ त्याने जाहीर केलं. ‘हॉटेल नको, काही नको. आपलं घर आपल्याबरोबर.’ एरवी त्याच्या अशा कल्पना मी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू देत नाही. ही टिकू दिली, ती सासूबाईंसाठी.

सासूबाई उभी हयात कऱ्हाडच्या शाळेत भूगोल शिकवत होत्या. फळ्याकडे न बघता भारताचा नकाशा काढायच्या, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. हिमालयाच्या तिन्ही रांगा त्यांना आपल्या बोटांसारख्या माहीत होत्या, फक्त पाहिलेल्या नव्हत्या. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे नोएडाला आल्या. आता हिमालय एका दिवसाच्या रस्त्यावर होता आणि बाई खालच्या दूधवाल्याच्या बूथपलीकडे जायला तयार नव्हत्या. हरिद्वारला चला, तर गुडघे. आग्र्याला चला, तर ऊन. थंडीत विचारलं तर थंडी. ‘पुस्तकात पाहिलंय सगळं मी,’ असं म्हणून त्या विषय मिटवायच्या. मला त्याचा भयंकर राग यायचा. शेजारणी सासूला फिरायला नेत नाहीत म्हणून सासवा रडतात, आणि इथे मी पाया पडत होते.

निघायचं ठरलं तसा घरात पसारा सुरू झाला. नवऱ्याने भरलं ते सगळं गाडीच्या आजारपणाचं औषध होतं: जॅक, टो करायची दोरी, फॅनबेल्ट, रेडिएटरसाठी पाण्याचा कॅन, पाने, कुदळ. ‘कुदळ कशाला?’ मी विचारलं. ‘चिखलात चाक रुतलं तर?’ आठवीतल्या आमच्या मुलीने कॅसेटींचा डबा आणि आयब्रो पेन्सिल भरली. मी पोटाचं बघितलं: छोटा गॅस, कुकर, मेतकूट, गोडा मसाला, दशम्या, शंकरपाळे. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटीने दोन रजया आणून दिल्या आणि वर ‘इतनी सी गड्डी में इतना सामान?’ म्हणून हसून गेली.

या सगळ्यात सर्वांत जास्त काम करत होत्या त्या सासूबाई. माझे स्वेटर त्यांनी घडी केले, मुलीचे मोजे शोधले, नवऱ्याला आल्याच्या वड्या करून दिल्या. दोन दिवस त्या वाकून वाकून भरत होत्या. तिसऱ्या दिवशी मी दिवाणावरच्या पिशव्या बघत उभी राहिले आणि लक्षात आलं की यात त्यांची पिशवीच नाही.

‘आई, तुमचं सामान?’

‘मी घर सांभाळते ना. कोणीतरी हवं मागे. तुम्ही तिघं मजेत जाऊन या.’

माझा पारा चढला. मी तोंड उघडणार, इतक्यात त्यांनी सहज म्हणून विचारलं, ‘पहिला थांबा कुठे घेणार गं? तिथे सोय असते का?’ ज्याला जायचं नाही त्याला पहिल्या थांब्याची चौकशी कशाला? मग मला एकेक आठवायला लागलं. बाहेर जायचं असलं की सकाळपासून त्या चहा नाकारायच्या. कुणाच्याही घरी गेलं की आत शिरताशिरता त्यांची नजर मोरीचं दार शोधायची. लक्ष्मीनगरला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा तापलेल्या उन्हात त्यांनी पन्ह्याचा ग्लास तसाच्या तसा परत केला होता.

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि विचारलं, ‘आई, लघवीचं आहे ना?’

त्या ओट्याला टेकल्या. ‘तासाभराने लागते,’ त्या म्हणाल्या, इतक्या हळू की कुकरची शिट्टी झाली असती तर ऐकूच आलं नसतं. ‘गुडघे वाकत नाहीत. शेतात जायचं म्हटलं तरी बसू कशी? आणि बसले तर उठू कशी? शाळेत बायकांना संडास नव्हता. सकाळी घरून जाऊन निघायचं ते संध्याकाळी घरी. तेव्हा जमायचं. आता नाही जमत. पुण्याहून इकडे येताना गाडीत...’

मला त्या क्षणी कुणालातरी झोडपून काढावंसं वाटलं. त्या शाळेला, रेल्वेला, कुणालाही. नकाशावर नद्या वाहवणाऱ्या बाईने तहान मारून आयुष्य काढलं, आणि आता हिमालय हाकेच्या अंतरावर असताना ती घर सांभाळणार होती!

दुसऱ्या दिवशी मी गाझियाबादला गेले. तिथे आजारी माणसांच्या सामानाची दुकानं होती. मध्ये भोक असलेली, खाली झाकणाचं भांडं सरकवायची, हातांची भक्कम खुर्ची घेऊन आले. नवरा खुर्चीकडे बघून लाल झाला. ‘आईशी हे बोलणार कोण?’ म्हणाला. पन्नास लोकांसमोर प्रेझेंटेशन देणारा माणूस. मी म्हटलं, ‘तू फक्त बाकडं अर्धा फूट मागे घे.’

सासूबाईंनी खुर्ची पाहिली आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. ‘मी आजारी नाहीये.’ नंतर खरं कारण बाहेर आलं. ‘ज्या गाडीत अन्न शिजवणार, त्या गाडीत हे? शी! मला घास उतरायचा नाही.’ सोवळं त्यांनी कधीच सोडलं होतं, पण इतकं नाही.

‘मग अन्न टपावर,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘खाण्याचं सगळं पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक कॅरिअरवर. गॅसही वर. गाडीत अन्नाचा कण नाही. प्रत्येक वेळी वर चढून मी काढीन.’

‘आणि चालत्या गाडीत ते हललं म्हणजे?’

या प्रश्नाने मला आशा आली. ज्याला नको असतं तो हलण्या-डुलण्याची चौकशी करत नाही. मी नवऱ्याला चावी घ्यायला लावली. आत खुर्ची, सुताराने टाकलेला लाकडाचा भुसा भांड्यात, पडदे ओढलेले आणि खुर्चीवर मी. सेक्टरच्या मार्केटला आम्ही पूर्ण चक्कर मारली. भाजीवाले, रिक्षा, स्कूटरी, आणि मधे मी राणीसारखी बसलेली. परत आल्यावर मी गच्चीकडे बघून ओरडले, ‘आई, एक थेंब सांडला नाही!’ बिल्डिंगमध्ये मराठी कुणाला कळत नाही याचा त्या दिवशी फार उपयोग झाला. वर सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांना असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

तरी त्या हो म्हणाल्या नाहीत. निघायच्या दिवशी पहाटे मी चहा टाकायला उठले, तर देवघरासमोर त्या अंघोळ करून स्टुलावर बसलेल्या. समोर स्टीलचा डबा, डब्यात तांदूळ. घराला कुलूप लावून सगळे बाहेर जाणार असले की आमच्यात देव तांदळात ठेवतात. मागे पूजेला कोणी नसलं तरी देव उपाशी राहू नयेत म्हणून. घरात एक माणूस जरी राहणार असेल, तर हे करत नाहीत. त्यांनी बाळकृष्ण उचलला, अन्नपूर्णा उचलली आणि दोघांना हळूच तांदळात बसवलं. मी दारात उभी होते. मला रडू आलं, आणि चहा उतू गेला.

गाझियाबाद, हापूड मागे पडलं. दोन्ही बाजूंना ऊस लागला. ‘आमच्याकडचा याहून उंच असतो,’ सासूबाई म्हणाल्या आणि मग जरा वेळाने, खिडकीकडेच बघत, ‘थांबवतोस का रे?’ नवऱ्याने इतक्या जोरात ब्रेक मारला की टपावरची ट्रंक खडखडली. तो आणि मुलगी उतरून उसाचं निरीक्षण करायला लागले. पडद्याआडून थोड्या वेळाने आवाज आला, ‘झालं. चला.’ बस, इतकंच. पण गढच्या गंगेवरच्या पुलाअलीकडच्या ढाब्यावर त्यांनी चहा मागितला. संपवला. आणि म्हणाल्या, ‘अजून अर्धा.’

मुरादाबादच्या आधी रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी पुढे अडकलेली, ट्रकांची रांग नजर पोहोचेल तिथपर्यंत. शेजारी एक रोडवेजची बस उभी होती. पुरुष भराभर उतरून रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे राहिले. बायका आतच. इथे ऊसही नव्हता, नुसतं नांगरलेलं सपाट रान. खिडकीशी एक पोटुशी मुलगी ओठ दाबून बसली होती. तिची सासू चौफेर आडोसा शोधत होती आणि तिला काही सापडत नव्हतं.

सासूबाईंनी ते पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. पुढचं मला वाटलंच नव्हतं. त्यांनी व्हॅनचं दार सर्रकन उघडलं आणि आयुष्यभर वर्ग गप्प करणाऱ्या आवाजात हाक दिली, ‘ओ बहनजी! उस लडकी को लेके इधर आओ. गाडी में सोय है.’

‘आजी, सोय हिंदीत नसतं,’ मुलगी म्हणाली.

‘समजलं तिला. तू उतर खाली.’

ती पोटुशी मुलगी आली. तिच्यामागे तिची सासू. मग दोन शाळकरी पोरी, मग बाळाला काखेत घेतलेली एक बाई, आणि बघताबघता व्हॅनपासून बसच्या दारापर्यंत बायकांची रांग लागली. सासूबाई दारात उभ्या. ‘लाईन से. धक्का नहीं. उसके बाद भुसा डालने का.’ मी पाणी ओतत होते, मुलगी साबण धरून उभी. नवऱ्याला कुदळ घेऊन रानात पाठवलं. त्याच्या इंजिनीअरिंगचा समाजाला झालेला हा पहिला थेट उपयोग. फाटक उघडलं, ट्रक भोंगे वाजवायला लागले, तरी सासूबाईंनी शेवटच्या म्हातारीला उतरू दिल्याशिवाय दार लावू दिलं नाही. बस पुढे गेली तेव्हा खिडक्यांतून बायकांचे हात हलत होते. त्याही हात हलवत होत्या, एखाद्या निवडून आलेल्या पुढाऱ्यासारख्या. मला इतका अभिमान वाटला की छाती दुखायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कौसानीच्या वरच्या वळणावर होतो. धुकं होतं, मग नव्हतं. समोर सगळी रांग एकदम उघडी पडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीशुभ्र. सासूबाई व्हॅनला एक हात लावून उभ्या राहिल्या. मग बोट उचललं आणि डावीकडून उजवीकडे एकेक नाव घ्यायला लागल्या. चौखंबा, त्रिशूळ, नंदादेवी, पंचचुली. हलक्या आवाजात, ओळखीच्या माणसांची चौकशी केल्यासारखं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

दिल्लीहून आलेली आणखी काही मंडळी तिथे होती. ती हळूहळू आमच्याभोवती जमली. ‘माताजी, वो कौन सा है?’ सासूबाई सांगत होत्या, नद्या कुठून निघतात ते समजावत होत्या, मध्येच एका कॉलेजच्या मुलाला ‘इधर देखो, कॅमेरा बाद में’ म्हणून दटावत होत्या. त्या मंडळींतली त्यांच्याच वयाची एक बाई, लोकरी शालीत गुरफटलेली, दगडावर बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, ‘बहनजी, मैं तो बड़ी मुश्किल से आई हूँ. कल से पानी तक नहीं पिया. आप इस उमर में इतनी दूर कैसे आ गईं?’

नवऱ्याने घाईघाईने खाकरून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. सासूबाईंनी त्याला हाताने बाजूला केलं.

‘हमारी गाडी में संडास है,’ त्या अख्ख्या वळणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. ‘आओ, दिखाती हूँ.’

नवरा हिमालयाकडे बघायला लागला. त्या बाई शाल सावरत उठल्या आणि सासूबाईंच्या मागोमाग व्हॅनकडे निघाल्या.