पाचवीच्या आधीची सुई

सातव्या महिन्यात माझ्या रक्तात ‘कावीळ ब’ निघाली आणि सासूबाईंनी त्याच संध्याकाळी माझं ताट-पेला वेगळा केला. मी पिवळी नव्हते, अंगात ताप नव्हता; सकाळी टोपलीभर बांगडे साफ करून मगच तपासायला गेले होते. पण आमच्या कोळीवाड्यात डॉक्टरांपेक्षा औषध सांगणारे जास्त. तिसऱ्या दिवशी जेवणातली हळद गेली आणि माझ्या गळ्यात काविळीची माळ आली. माळ लांबत गेली की कावीळ उतरली, असं समजायचं. माझी माळ पोटापर्यंत आली, रिपोर्ट जागचा हलला नाही.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने सासूबाईंना नीट समजावलं. हे एका ताटात जेवून लागत नाही, रक्तातून लागतं. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या. बाळाला मात्र जन्मल्या दिवशीच दोन सुया द्यायच्या, नाहीतर ते जन्मभर हे दुखणं घेऊन बसेल. सासूबाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन माझी चादरही वेगळी केली. तपासायला कोणी तयार होईना. “आमाला काय झालाय?” घरातले तिघे पुरुष एकाच वस्तऱ्याने दाढी करत, त्याला कोणाची हरकत नव्हती.

मुलगी झाली तेव्हा सासूबाई खाटेपाशी पहाऱ्याला उभ्या. “पाचवी पुजल्याबिगर लेकराला सुई न्हाय टोचायची.” सटवाई कपाळी लिहून जाईपर्यंत कोणी मध्ये हात घालायचा नाही, हा त्यांचा नेम. मी त्या घरात कधी आवाज चढवला नव्हता. मला भयंकर भीती वाटत होती, तरी ताज्या टाक्यांनिशी उठून बसले. म्हटलं, “सटवाईला काय वाईट लिहायचंय ते माझ्या कपाळी लिहू दे.” आणि मुलीची मांडी सिस्टरपुढे धरली.

मग कुठे नवरा तपासायला गेला. त्याच्यातही निघाली. शेवटी सासूबाईंनीही तपासून घेतलं, तर त्यांच्यातही. त्यांच्याकडूनच ती जन्मताना मुलाला आली असणार, आणि त्याच्याकडून मला, असं सिस्टर म्हणाली. मी चांगले धारदार टोमणे घोटून तयार ठेवले.

वर्षाने लेकीचा रिपोर्ट स्वच्छ आला. सासूबाईंना वाचता येत नाही, तरी त्यांनी कागद मागून घेतला आणि बराच वेळ हातात धरला. मग माझ्या नवऱ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, “याच्या वेळंला मला कोनी सांगितलाच न्हाय गो.”

माझ्याच्याने एकही टोमणा मारवला नाही.