कुरुंदवाडच्या डब्यातला मॅक

मला लिहायला लावू नका, असं मी सुनीताला तीनदा सांगितलं. माझी शाळा चौथीत सुटली. पण दुकानाला वीस वर्षं झाली म्हणून ती छोटं पुस्तक काढते आहे, आणि "तात्या, तुमच्याशिवाय त्यात मजा न्हाय," म्हणते. मजा कसली डोंबलाची! खरं कारण मला माहीत आहे. कुरुंदवाडात अजून लोक सांगतात की तात्यानं एक अख्खं लग्न पुसलं. म्हणून लिहितो. शुद्धलेखन तिनं बघावं.

दुरुस्तीच्या दुकानात किस्से स्क्रूंसारखे साठतात. कुठल्या डब्यातला कुठला ते कळत नाही, आणि टाकवतही नाहीत. पण या एका डब्याचे सगळे मी वेगळे ठेवलेत.

आधी माणसं सांगतो. दुकान सुनीताचं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं, कोल्हापुरात राजारामपुरीत. सॉफ्टवेअर बघायचा प्रशांत, डिप्लोमावाला, इंटरनेटवर वाचलेलं सगळं खरं मानणारा. मी आधी रेडिओ-टीव्हीवाला, या दुकानात पॉवर सप्लाय आणि डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम करायचो. आणि गिऱ्हाईक जयसिंग माने, कुरुंदवाडला फोटो स्टुडिओ, लग्नाचं शूटिंग करणारा.

* * *

दोन हजार सात-आठचा सुमार. जयसिंग पुण्याला जाऊन एका स्टुडिओत मॅक, म्हणजे ॲपल कंपनीचा कॉम्प्युटर, बघून आला आणि पागल झाला. खरा मॅक घ्यायची ऐपत नव्हती. प्रशांत म्हणाला, साध्या पार्टांवर मॅकचं सॉफ्टवेअर चढवता येतं, आणि शेजारच्या डिस्कवर विंडोजही ठेवता येतं. कंपनीला हे चालत नाही, हे त्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं तर मी हातच लावला नसता. म्हणजे लावला असता, पण शिव्या देऊन.

एका साध्या पत्र्याच्या डब्यात मशीन जोडलं. जयसिंग नारळ घेऊन बसला. चालू झालं की फोडणार!

चालू होईना. पडदा वरून खाली काळवंडत यायचा आणि मधे चार भाषांत काहीतरी लिहून यायचं. मी प्रशांतला विचारलं, काय म्हणतंय? तो म्हणाला, बंद करून परत चालू करा म्हणतंय. चार भाषांत तेवढंच! जयसिंग बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "एवढ्या भाषा येत्यात, मग मराठीत सांगाय काय हुतंय? आमी ऐकलं असतं की."

प्रशांत नऊ दिवस बसला. एक एक पार्ट काढ, एक एक घाल. नवव्या दिवशी निळा पडदा आला, खाली चित्रांची रांग आली, आणि आम्ही सगळे उभे राहिलो. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. जयसिंगनं उंबऱ्यावर नारळ फोडला. नऊ दिवसांत तो पार नासला होता, वासानं सुनीता मागं सरली.

जयसिंग मात्र खूश. "नासका निघाला म्हंजे देवाला पोचला," म्हणाला, आणि डबा घेऊन गेला.

* * *

आठ दिवसांनी परत. म्हणे घड्याळ मागं पडतंय. मॅकमध्ये बरोबर, तिथून विंडोजमध्ये गेलं की साडेपाच तास मागं.

हे माझं काम. घड्याळ चुकलं की आतला सेल गेला, हे मला झोपेतही कळतं. सेल बदलला. परत साडेपाच तास. दुसऱ्या कंपनीचा घातला. साडेपाच तास. तिसरा मी नवीन पाकीट फोडून, मीटरवर तपासून घातला. बरोबर साडेपाच! एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. सेल गेला तर घड्याळ असं शिस्तीत मागं पडत नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला पाहिजे होतं. आलं नाही. ही माझी चूक, लिहून ठेवतो.

प्रशांत हसत होता. त्यानं इंटरनेटवर वाचलं होतं की मॅक आतल्या घड्याळात लंडनचा टाईम ठेवतो आणि स्वतः हिशोब करून आपला दाखवतो. विंडोज मात्र आतलं असेल तेच खरं धरतं. मी म्हटलं, कुरुंदवाडात बसून लंडनचा टाईम कशाला लागतो याला? प्रशांतनं काहीतरी दुरुस्ती केली आणि दोघांचं घड्याळ एक झालं.

पण मधल्या आठ दिवसांत जयसिंगनं विंडोजमधलं घड्याळ बघून कॅमेऱ्याची वेळ लावली आणि एका लग्नाचा व्हिडिओ काढून दिला होता. दुपारी साडेबाराच्या अक्षता सकाळी सात वाजता पडल्या. मुलाचा बाप स्टुडिओत येऊन म्हणाला, "मुहूर्त टळला व्हय रं आमचा? त्या वक्ताला नवरदेव अंगुळीला बसलाता."

* * *

मग आवाज गेला. विंडोजमध्ये आवाज होता, मॅकमध्ये नाही. प्रशांत सहा दिवस कुठल्या कुठल्या फायली उतरवत होता. एक टाकली की चार भाषा परत! जयसिंगची कामं थांबलेली. तो मॅकमध्ये चित्र बघून कापायचा, मग मशीन बंद करून विंडोजमध्ये जाऊन तिथल्या डिस्कवरच्या कॉपीतला आवाज ऐकायचा, परत मॅकमध्ये. हलगी वाजायची एका माणसाची आणि नाचताना दिसायचा दुसराच.

सातव्या दिवशी प्रशांत जेवायला गेला. दुकानात एक यूएसबीचा स्वस्तातला हेडफोन पडला होता. मी सरळ डब्याच्या मागं खुपसला. खणखणीत आवाज!

प्रशांत आला तेव्हा मी हेडफोन घालून सनई ऐकत बसलो होतो. त्यानं विचारलं, "कोणती फाईल टाकली?" मी म्हटलं, "फाईल न्हाय. भोक दिसलं, घातलं."

दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

* * *

पुढचा आजार विचित्र. आमच्या दुकानात मशीन दिवसभर चालायचं, कुरुंदवाडला गेलं की मधेच बंद पडायचं. तीन वेळा आणलं, तीन वेळा नेलं. प्रशांत म्हणाला मॅकचा दोष. मी एसटी पकडून कुरुंदवाडला गेलो. डब्याला हात लावला, झिणझिणी आली. भिंतीतला प्लग उघडला तर अर्थिंगची वायर नुसती शोभेला, मागं कुठं जोडलेलीच नाही.

मशीन बंद करून, वायर काढून बाजूला ठेवली, आणि परसात खड्डा खणला. पाईप, कोळसा, मीठ, सगळं रीतीनं घातलं आणि तिथून प्लगपर्यंत वायर जोडली. जयसिंगच्या आईला सांगितलं, यात रोज तांब्याभर पाणी घालायचं. म्हातारीनं त्याच दिवशी हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "पावणं, काय उगवनार म्हनायचं ह्यातनं?"

मी म्हटलं, "लग्नाच्या सीड्या."

झिणझिणी गेली. मशीन तासभर चालवून दाखवलं, बंद पडलं नाही. मी मिशीला पीळ देत परत आलो.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंग डबा मांडीवर घेऊन रिक्षातून उतरला. चेहरा पांढरा. पेठ वडगावचं एक मोठं लग्न मॅकच्या डिस्कवर होतं. कॅमेऱ्याच्या टेपा त्यानं पुढच्या लग्नाला वापरून टाकल्या होत्या, म्हणजे दुसरीकडं कुठंही काही नाही. रविवारी मुलीचा बाप डीव्हीडी न्यायला येणार. आणि डिस्क रिकामी.

भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "ह्या म्हाताऱ्यानं जमिनीतनं शॉक दिला माझ्या मशीनला!"

मी प्रशांतकडं बघितलं. त्यानं डिस्क जोडून बघितली आणि म्हणाला, कोरी आहे, अर्थिंगच्या झटक्यानं होऊ शकतं. हेडफोनचा राग, दुसरं काय!

 सुनीतानं माझ्या टेबलावरचं सोल्डरिंगचं सामान उचललं आणि आत ठेवलं. पस्तीस वर्षांत माझ्या हातातलं काम कुणी असं काढून घेतलं नव्हतं.

मी डिस्क कानाला लावली. शांत फिरत होती, टकटक नाही, खरखर नाही. मी म्हटलं, "करंट पाटी पुसत न्हाय. करंट पाटी फोडतो. ही पाटी कुणीतरी फडकं घेऊन पुसलीया."

"मग काय मी पुसली?" जयसिंग म्हणाला.

त्या लग्नाचं काय झालं ते आधीच सांगतो, नाहीतर तुमचं लक्ष तिकडंच राहील. प्रशांतनं शनिवारपर्यंत बसून बहुतेक सगळं परत काढलं. हळद गेली, बाकी मिळालं. त्यात त्याचा हात धरणारा कोल्हापुरात नाही, हेही लिहितो.

तर. मी सुनीताला म्हटलं, मला घालवायचं तर घालव, पण आधी एक काम कर. दुकानात मॅक चढवलेली एक जादा डिस्क होती, त्यात कुणाचं काही नव्हतं. ती याच डब्यात लाव आणि मशीन जयसिंगच्या ताब्यात दे. काल मी निघाल्यावर ह्यानं काय काय केलं ते ह्यानं जसंच्या तसं करून दाखवायचं.

जयसिंग तावातच बसला. म्हणाला, डीव्हीडी काढायला पहिल्यांदाच विंडोजमधनं मॅकच्या डिस्कवर गेलो, एवढंच. विंडोज चालू केलं. मॅकच्या डिस्कवर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर चौकट आली. विंडोजला मॅकची डिस्क वाचता येत नाही, म्हणून ते विचारतं, ही फॉरमॅट करायची का?

जयसिंगनं हो दाबलं.

प्रशांत खुर्चीतून उठला. सुनीतानं त्याचा हात धरून गप्प केलं. दुसरी चौकट आली, सुरू करू का? हो. तिसरी आली, सगळं पुसलं जाईल, चालेल? हो. लग्नातसुद्धा एवढ्या वेळा विचारत नाहीत.

"हे काय केलंस?" सुनीतानं विचारलं.

"तुमीच सांगतायसा की वैनी, फोनवर धा वेळा. काय बी अडलं की फॉरमॅट मारा. इथं तर मशीन सोताच मागतंय. औषध मागितल्यावं न्हाय म्हनायचं व्हय?"

मग त्यानं डिस्क उघडली. आत काही नाही.  सुनीता आत गेली आणि सोल्डरिंगचं सामान आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

जयसिंग पडद्याकडं बघत होता. मग त्यानं हळूच मान वळवली. मी त्याच्या खुर्चीमागं उभा होतो.

"बघितलासा?" तो सगळ्यांना म्हणाला. "तात्या नुसता जवळ हुबा ऱ्हायला तरी जातंय!"

जयसिंग माने, कुरुंदवाड. माफी अजून आलेली नाही.