लवंगवांग्याचे मामा

पावसाच्या घरच्यांशी आमच्या मामांइतकी घसट असलेला माणूस साऱ्या वाशीम तालुक्यात दुसरा झाला नाही. तरुणपणी ते कुण्या पलटणीच्या भाकऱ्या भाजत थेट चीनपर्यंत गेले होते आणि येताना एक लाकडी प्राणी घेऊन आले होते. अंग सापाचं, शिंगं हरणाची, मिशा हुबेहूब मामांच्या. "साप नाही तो, पावसाचा राजा हाय. तिकडे नदीत, विहिरीत, ढगात त्याचंच राज. देवळं हायेत त्याचे! नाव लोंगवांग," असं ते शिरपूरच्या जत्रेत अनोळखी माणसालाही अडवून सांगत. गावाच्या कानांनी त्याचं लवंगवांगं केलं आणि आळीतल्या बायका थट्टेनं त्याच्यापुढे लवंग खोचलेलं वांगं ठेवू लागल्या. मामांना थट्टा कळत नसे. "पाहा, लोकायची श्रद्धा बसून राह्यली," म्हणत ते त्याच वांग्याची भाजी चवीनं खात.

एका वर्षी पेरण्या झाल्या आणि पावसानं तोंड लपवलं. गावानं रिवाजाप्रमाणे गाभाऱ्यात पाणी भरून महादेव कोंडला. तरी आभाळ कोरडंच. चिनी लोक अशा वेळी राजाला देवळातून काढून भर उन्हात ठेवतात, चटका बसला की तो झक मारत पाणी पाठवतो, हे मामांनीच कधीतरी सांगून ठेवलं होतं. पाटील म्हणाले, "काढा तुमचा राजा. पानी नाही आलं तं त्याले विहिरीत फेकू, अन् तुमी चीन पाह्यला हे आमी मानत नाही." मामांचं सारं आयुष्यच पणाला लागलं. राजा पारावर उन्हात बसला. घटकाभरानं पाहतो तर मामा त्याच्यावर छत्री धरून उभे!

"चटका बसाले ठेवला ना त्याले? मंग छत्री कायले?" मामी कडाडली.

"मले पाहावत नाही."

"अहो, छत्रीखाली त्याले वाटन, पानी पडूनच राह्यलं!" पाटील म्हणाले, आणि सगळा पार हसला. मामांनी मुकाट्यानं छत्री मिटली, डोक्याचं पागोटं काढलं आणि राजाशेजारी मांडी ठोकली. "दोघंबी तापू," एवढंच बोलले. त्यानंतर रोज राजा उन्हात बसला की मामाही उन्हात.

पाऊस आला तेव्हा राजाच्या डोक्याला उभी चीर गेली होती आणि मामा तापानं फणफणले होते. गावानं सारं श्रेय महादेवाला दिलं. मामांनी अंथरुणातूनच मेण मागवून ती चीर बुजवली आणि "आनलं ना रे तू," म्हणत त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाऊस लांबला की मामी कोनाड्यातल्या राजापुढे लवंग खोचलेलं वांगं ठेवते, आणि आता ती थट्टा नसते. परवा मी गमतीनं म्हटलं, "मामी, ठेवू काय त्याले उन्हात?"

तिनं पदरानं त्याच्या मिशा पुसल्या. "नको बाप्पा. त्याच्यासंगं बसाले आता कोन हाय?"