रुमालाखालची चार बोटं

"शी! हात काय धरतेस? लांब बस."

बाईंनी हात झटकून मागे ओढला. पर्समधून स्वतःचा रुमाल काढला आणि माझ्या लेकीने धरलेली चार बोटं एकेक करून पुसली. माझ्यासमोर. तिच्या बापासमोर. शीतल तेव्हा चार वर्षांची. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी फरशीकडे.

वाशीतली मोठी इंग्रजी शाळा. ज्युनिअर केजीचा इंटरव्ह्यू. दोन वर्षं झाली त्याला.

चूक काय झाली ते सांगते. टेबलावर एक चित्र होतं. त्यात चार बदकं. बाईंनी विचारलं, "हाऊ मेनी डक्स?" शीतलला प्रश्न कळला होता. उत्तरही येत होतं. तिने फ्रॉकला पिनेने लावलेला रुमाल ओढून काढला, बाईंच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्यांची चार बोटं घट्ट धरली. झालं. चार बदकं, चार बोटं. उत्तर बरोबर होतं, हे मी आजही छातीठोक सांगते.

तिला हे बापाने शिकवलेलं. आमचे मालक वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत. पाठीवरून पोती वाहायची, ट्रक भरायचे, ट्रक रिकामे करायचे. तिथे व्यापारी भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. मालक हे रोज बघायचे. गावाकडे, साताऱ्याला, चौथीपर्यंत शिकलेला माणूस. माझी सातवी. इंग्रजी आकडे दोघांनाही धड येईनात. मग संध्याकाळी घरी आले की ते लेकीला मांडीवर घ्यायचे, हातावर टॉवेल टाकायचे आणि म्हणायचे, "सांग बगू, किती?" ती बोटं धरायची. बरोबर आलं की पाठ मोडून आलेला तो माणूस खदखदून हसायचा.

इंग्रजी प्रश्न क्लासच्या टीचरने पाठ करून घेतला, उत्तर बापाने शिकवलं. दोन्ही तिच्या डोक्यात एक झालं. "तिथं असं करायचं नाही गं," हे तिला सांगावं असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला तो अभ्यासच वाटत होता.

तीन महिने मी तिला क्लासला नेत होते. इंटरव्ह्यूसाठीचाच क्लास. रंग, फळं, प्राणी, थँक्यू, सॉरी. टीचर आम्हा आईबापांनाही शिकवायच्या. डोक्यावर पदर घेऊ नका. खुर्चीवर टेकून बसा. वडील काय करतात विचारलं तर 'बिझनेस' सांगा, फॉर्मवरही तेच लिहा. आम्ही लिहिलं. आम्हाला वाटलं, सगळे असंच करत असतील.

बोटं पुसून झाल्यावर बाईंनी मुख्याध्यापिकेच्या केबिनमध्ये जाऊन झालेलं सांगितलं आणि आम्हाला आत पाठवलं. मॅडमनी फॉर्म वाचला. "व्हॉट बिझनेस?"

मालक खुर्चीवरून उठून उभे राहिले. "कांदा-बटाटा, मॅडम."

"होलसेल?"

इथे मी खरं सांगणार आहे. मी मनातल्या मनात देवाचा धावा केला की ह्यांनी 'हो' म्हणावं. मला माझ्या नवऱ्याची लाज वाटली. ज्याच्या घामावर माझी चूल पेटते त्या माणसाची लाज. त्या केबिनमध्ये बसून मीही त्या मॅडमच्या बाजूची झाले होते.

"न्हाई मॅडम. माथाडी हाय मी. पोती उचलतो."

"मग हमाल म्हणा ना सरळ." मॅडम चक्क मराठीत बोलल्या. आमच्यासारखीच मराठी बाई. "फॉर्मवर खोटं लिहिता, आणि मुलीला हे असलं शिकवता. घरी तिचा अभ्यास कोण घेणार? तुम्ही?"

तेव्हा मालकांनी हात जोडले. म्हणाले, "मॅडम, शाळेचं काय सामान असंल, बाकं, कपाटं, मी हलवून देतो. दर रविवारी येतो. फुकाट. फक्त पोरीला घ्या."

मॅडम हसल्या. मोठ्याने नाही, ओठांच्या कोपऱ्यात. टोळीतल्या मुकादमापुढेही मान न वाकवणारा माणूस. तो असा उभा होता, आणि मला त्याच्या जोडलेल्या हातांकडे बघवेना. उठून त्याचे हात खाली करावेत एवढीही ताकद माझ्यात नव्हती.

"नाही जमणार, बाहेर क्लार्कला भेटा," मॅडम म्हणाल्या. बाहेर क्लार्कने एक कागद पुढे केला. इंग्रजीत टाइप केलेला. "आई-वडील दोघांनी इथे सही करा."

मी विचारलं, "काय लिवलंय?"

"तुम्ही तुमचा अर्ज मागे घेताय असं. रुटीन आहे, सगळे करतात."

मालकांनी पेन घेतलं. एकेक अक्षर जोडत सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. "कर. फुडच्या साली बगू."

मी पेन धरलं. कागदाला टेकवलंसुद्धा. मग वाटलं, हा अर्ज मागे घेतला कुणी? तीन महिने क्लासला हेलपाटे मी घातले. रात्रंदिवस लेकीला घोकायला मी लावलं. मी कधी मागे घेतला? अशाच सह्या घेऊन ही शाळा वर मान करून सांगत असणार की आम्ही कुणालाच नाही म्हणत नाही, लोक आपणच निघून जातात.

मी म्हणाले, "आमी अर्ज मागं घेतलाच न्हाई. तुमी न्हाई म्हणलाय. मग तसं लिवा."

क्लार्कने चष्म्यावरून बघितलं. "ताई, वाद नको. सही केली तर पुढच्या वर्षी फॉर्म मिळेल. नाही केली तर नाव कायमचं कट."

मालक माझ्या कानाशी आले. "अगं, पाया पडतो तुज्या. सही कर."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. हा माणूस असं कधी बोलला नव्हता. धीटपणा वगैरे काही नव्हता. एका बाजूला लेकीचं पुढचं वर्ष आणि दुसऱ्या बाजूला तो कागद. मी पेन खाली ठेवलं.

"आमची पोरगी का नको, त्ये कारण लिहून द्या. मग करते सही."

त्याने काही लिहून दिलं नाही. माझ्या हाताखालचा कागद ओढला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि घंटी वाजवली. पुढचे आईबाप आत आले. बस्स. माझ्या बोलण्याने त्या शाळेची एक वीटही हलली नाही.

आम्ही कोपरखैरण्याला उतरलो. चाळीच्या तोंडाशी आल्यावर मालक म्हणाले, "तू पोरीचं वाटोळं केलंस."

शीतल त्या जूनपासून चाळीतल्या बालवाडीत बसली. आता पालिकेच्या शाळेत पहिलीत आहे. एका खोलीत दोन वर्ग भरतात, एकच बाई दोन्ही सांभाळतात. हे चांगलं झालं असं मी म्हणणार नाही, कारण झालेलं नाही. शेजारच्या खोलीतल्यांनी त्या साली सही केली, पुढच्या वर्षी व्यापाऱ्याची शिफारशीची चिठ्ठी नेली, त्यांची पोरगी त्या शाळेत लागली. रोज सकाळी ती टाय-बेल्ट लावून माझ्या दारावरून जाते आणि माझा जीव जळतो. मालकांनी टॉवेलाचा खेळ बंद केला. शीतलला आता कुणी काही विचारलं की ती दोन्ही हात पाठीमागे नेते. मी बघते. करता काहीच येत नाही.

मागच्या वर्षी चाळीतल्या तीन बाया इंटरव्ह्यूला निघाल्या. मी तिघींच्या घरी जाऊन सांगितलं, तो कागद काय असतो ते. एक म्हणाली, "तुज्या पोरीचं झालं ते झालं, आमच्या पोरींच्या आड का येतीस?" दुसरीने दारच लावून घेतलं. तिसरी म्हणाली, "माज्यासंगं चल." गेले. वॉचमनने मला फाटकाबाहेर काढलं. तिथेच उभी राहिले. ती रडत बाहेर आली. सही करून आली होती. मी तिला एका शब्दाने बोलले नाही. तिची भीती मला ठाऊक आहे.

ह्या वर्षीही फॉर्म निघतील. ह्या वर्षीही मी दारोदार जाणार. लोक शिव्या देतील, मालक अबोला धरतील, वॉचमन हाकलेल. तरी त्या फाटकाशी उभी राहणार आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून त्या कागदाचं सांगणार.

आमच्या लेकरांना परत पाठवायचं असेल तर पाठवा. तुमची शाळा आहे, तुमचं फाटक आहे. पण नाही म्हणायचं ते तुम्ही म्हणा, तुमच्या हाताने लिहा, खाली तुमचं नाव घाला. माझ्या हाताने ते होणार नाही.